आठवा रंग

मॉरिशसला लोक मधुचंद्राला जातात. आम्ही लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर गेलो. मधल्या काळात काय करत होतात असं विचाराल, तर फ्लॅटचे हप्ते, मुलीची फी, सासूबाईंचा मोतीबिंदू आणि दर दिवाळीला 'पुढच्या वर्षी नक्की' हे वाक्य, एवढाच हिशेब देता येईल. मुलगी नोकरीला लागली, पहिल्या बोनसमधून आईबाबांना परदेशात पाठवायचं तिच्या मनाने घेतलं, आणि कुठे जाणार असं विचारल्यावर मला कॅलेंडरावरचं ते चित्र आठवलं: निळं पाणी, मागे एकटा डोंगर, पांढरी वाळू, वाळूवर दोन आरामखुर्च्या आणि त्या खुर्च्यांवर कुणीच नाही. मी ताबडतोब 'मॉरिशस' म्हणालो. त्या खुर्च्या रिकाम्या का होत्या, ते मला तिथे पोचल्यावर कळलं. चित्र जुलैतलं असावं.

जुलैत तिकीट स्वस्त मिळतं हा शोध माझा. ते का स्वस्त मिळतं, एवढा पुढचा शोध मी लावला नाही. हे बेट विषुववृत्ताच्या खाली, साधारण विसाव्या अक्षांशावर. आपल्याकडे आषाढाच्या सरी कोसळत असतात तेव्हा तिकडे हिवाळा. दोन गोलार्धांतले ऋतू एकमेकांच्या उलट असतात, हे मी सातवीच्या भूगोलाच्या पेपरात आकृतीसकट लिहून दोन मार्क मिळवले होते. पण मार्क मिळाले की ज्ञान शाळेला परत करून टाकायचं, ही आमच्या पिढीची शिस्त. तेव्हा मी बॅगेत नारळाच्या झाडांचे शर्ट, गुडघ्याच्या वर थांबणाऱ्या चड्ड्या आणि एक गवती हॅट भरली. हिने मला न विचारता तळाशी माझा राखाडी स्वेटर ठेवला. मी तो बाहेर काढला. तिने परत ठेवला. या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

मुंबईहून विमानाने साधारण सहा तास. उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे करायचं असतं. मी पुढे केलं. मोबाइल हे काम आपण होऊन करतो म्हणे, पण रोमिंगच्या बिलाच्या धास्तीने मी तो विमानतळावरच बंद करून पायमोज्यात गुंडाळून ठेवला होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी माझ्या विश्वासू एचएमटीत साडेसात वाजल्याचं बघून मी आंघोळ करून, नारळाचा शर्ट घालून न्याहारीला खाली उतरलो, तेव्हा खरे साडेचार वाजले होते. बाहेर काळोख, भोजनगृहाला कुलूप, आणि मी बंद दारासमोर हातात कुपन घेऊन उभा. रखवालदाराला वाटलं, मला झोपेत चालायची सवय आहे. त्याने मला खांद्याला धरून हळूच खुर्चीत बसवलं आणि आपल्या थर्मासमधला चहा दिला. त्या चहाला व्हॅनिलाचा वास होता. मला वाटलं, काल या थर्मासमध्ये आइस्क्रीम असणार. पण तिथे चहा असाच पितात, चहाही त्या बेटावरच पिकतो, आणि साखरेचं तर विचारूच नका, कारण विमानतळापासून हॉटेलापर्यंत दुतर्फा ऊसच ऊस. सातारा-सांगलीच्या माणसाने तिथे जाऊन 'ऊस कसा आहे यंदा?' एवढं विचारलं तरी त्याचा दिवस निघेल.

खोलीत परतलो तर ही कूस बदलून म्हणाली, "झाली न्याहारी?"

"चहा झाला," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

आता खाण्याकडे येतो. या लेखात मला काही अधिकार असेल तर तो तिथेच आहे, आणि तोही वादग्रस्त.

राजधानी पोर्ट लुई. तिथल्या मध्यवर्ती मंडईच्या आसपास सकाळपासून डोल पुरीच्या गाड्या लागतात. डोल पुरी म्हणजे हळद घालून शिजवलेली पिवळी वाटाण्याची डाळ बारीक वाटून, जिरं घालून, मैद्याच्या उंड्यात भरून पातळ लाटलेली मऊसूत पोळी. पूर्वी ती हरभऱ्याच्या डाळीची करत, असं सांगतात. बिहारकडून ऊसमळ्यांवर गेलेल्या लोकांची दालपुरी बेटावर राहून अशी झाली. पण मला हा इतिहास तेव्हा ठाऊक नव्हता. मला दिसली ती पिवळी, मऊ, कडेपर्यंत पुरण पसरलेली पोळी, आणि पस्तीस फुटांवरून मी ती ओळखली. "अगं, पुरणपोळी!" मी ओरडलो. शेजारच्या हापिसात जायला निघालेल्या चार माणसांनी वळून पाहिलं. मी गाडीवाल्यासमोर उभा राहून दूध ओतायची आणि त्यात पोळी बुडवायची खूण केली. मग तूप वाढायची खूण केली. ही दोन पावलं मागे सरकून कोथिंबिरीचे भाव पाहू लागली. लोकांसमोर माझ्याशी संबंध तोडायची ही तिची जुनी पद्धत आहे.

गाडीवाला भला होता. त्याने माझ्या खुणा शांतपणे पाहिल्या, मग दोन पोळ्या एकावर एक ठेवल्या (डोल पुरी जोडीनेच घेतात), त्यांवर मोठ्या पांढऱ्या पावट्यांची रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय नावाची घट्ट चटणी आणि थोडं लोणचं घातलं, आणि एका डब्यावर चमचा रोखून विचारलं, "पिमा?" डब्यात वाटलेली हिरवी मिरची दिसत होती, त्यामुळे प्रश्न समजायला काही अडचण नव्हती. अडचण माझ्या उत्तराची झाली. माझं आजोळ कोल्हापूरचं. वास्तविक मी जन्मल्यापासून पुण्यात, आमच्या आमटीत गूळ, भाजीत गूळ, आणि उसळ तिखट झाली की मी अजूनही दह्याची वाटी मागतो. पण परदेशात गेल्यावर माणसाचं आजोळ उफाळून येतं. मी म्हणालो, "हो! भरपूर!" आणि बोटांनी डोंगर दाखवला.

पहिला घास छान होता. दुसऱ्या घासाला पोर्ट लुईची मंडई हलली. तिसरा घास मी केवळ गाडीवाला बघत होता म्हणून घेतला. डोळ्यांतून, नाकातून, आणि शपथेवर सांगतो, कानांतूनही काहीतरी येत होतं. कागदातून रस्सा गळून कोपरापर्यंत आला, तो पुसायला मी तोच हात डोळ्यांकडे नेला, आणि मग जे झालं ते पाहून एक म्हातारी थांबली आणि तिने क्रूसाची खूण केली. हिने मला दंडाला धरून मंडईच्या आत नेलं आणि हातात आलूदाचा ग्लास दिला. आलूदा म्हणजे गार दूध, त्यात सब्जा, त्यात आगर-आगरच्या जेलीचा कीस. आपल्या फालुद्याचाच भाऊ, फक्त शेवया गावी सोडून आलेला. एक ग्लास संपवला, दुसरा संपवला. मिशीला सब्जा चिकटला. हिने तिची डोल पुरी, मिरचीसकट, उभ्या उभ्या संपवली होती. माहेर सोलापूरचं, पण ती ते कधी सांगत नाही.

पैशांतही असंच. तिथेही रुपयाच चालतो म्हटल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं आणि मी मंडईत टोपलीवाल्याशी घासाघीस करून शंभराची टोपली सत्तरला पाडली. तिथला रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात जातो, हे मला संध्याकाळी मुलीने फोनवर सांगितलं. टोपली चीनमध्ये बनलेली होती, हे मला खालच्या चिकटपट्टीने सांगितलं.

मंडईहून पायी थोडक्यात पोचता येईल असा बंदरालगतचा आप्रवासी घाट. इथे मात्र माझी बडबड आपोआप बंद झाली. गुलामगिरी कायद्याने उठल्यावर ऊसमळ्यांना हात हवे होते, म्हणून 1834 पासून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं या बंदरात उतरली. बहुतेक बिहार आणि पूर्वेकडची, काही तमिळ-तेलुगू, आणि काही आपली कोकणातली, रत्नागिरीकडची. बोटीतून उतरून वर यायच्या दगडी पायऱ्या अजून आहेत, सोळा. मी त्या पाहिल्या. परतीचं तिकीट, विमा, ॲसिडिटीच्या गोळ्या आणि मुलीने लिहून दिलेला आपत्कालीन नंबर, एवढं सगळं खिशात असलेल्या माणसाला मिरचीबद्दल तक्रार करायला ती जागा बरी नव्हती. बाहेर येईपर्यंत मी गप्प होतो. हिला वाटलं, जीभ सुजली.

दुसऱ्या दिवशी समुद्र. बेटाच्या आग्नेयेला ब्लू बे आहे, 1997 पासून संरक्षित सागरी उद्यान. प्रवाळ इतकं वर की पोहता न येणाऱ्यालाही नळी तोंडात धरून पाण्यावर पालथं पडून बघता येतं. जाकीट घातलं की बुडण्याची भीती नाही. हिने शहाणपणाने काचेच्या तळाची होडी घेतली: सावलीत बसायचं, खाली पाहायचं, मासे आपण होऊन येतात. मी म्हणालो, मासे काचेतूनच बघायचे तर तारापोरवाला मत्स्यालय काय वाईट होतं? मी उडी मारणार. म्हणजे शिडीने उतरणार.

चष्मा लावून मी पाण्यात तोंड घातलं आणि चष्म्यात समुद्र आला. काढला, ओतला, परत लावला, परत आला. होडीवाल्या पोराने माझ्या चेहऱ्याची तपासणी केली आणि निदान केलं: मिशी. चष्म्याचं रबर ओठाच्या वर घट्ट बसायला गुळगुळीत कातडी लागते. केस असले की फटीतून पाणी शिरतं. त्याने दोन उपाय सांगितले. पहिला, दाढीचं ब्लेड, त्याच्याकडे होतं. माझी मिशी लग्नाच्या आधीची आहे, हिने मला तिच्याशिवाय पाहिलेलं नाही, आणि पंचविसाव्या वर्षी असला धक्का द्यावा असा आमचा संसार नाही. दुसरा उपाय, व्हॅसलिन. ते त्याच्याकडे नव्हतं. हिच्या पर्समध्ये टाचांच्या भेगांना लावायचं मलम होतं. ते मी मिशीला चोपडलं. गळती थांबली. त्या मलमाला कापूर आणि निलगिरीचा इतका वास होता की पुढचा सगळा वेळ मी हिंदी महासागरात बामचा वास घेत मासे पाहिले.

पण काय मासे होते म्हणून सांगू! पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते, त्याचा कुरकुर आवाज पाण्यात ऐकू येत होता. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्यांचे थवे माझ्या पोटाखालून जात होते. एका जागी मेंदूच्या आकाराचं, मेंदूच्याच वळ्यांचं भलंमोठं प्रवाळ होतं. त्या परिसरात मेंदू म्हणून जो काही होता, तो तेवढाच. कारण होडीत बसायच्या आधी हिने उन्हाचं लोशन पुढे केलं होतं आणि मी म्हणालो होतो, "अगं, हिवाळा आहे हा. हिवाळ्यात कसलं ऊन?" आणि मग पाठ आकाशाकडे, तोंड समुद्राकडे करून, थंड पाण्यामुळे काही भाजतंय याचा पत्ता न लागता, मी तासन्‌तास त्याच स्थितीत तरंगत राहिलो. तव्यावर टाकून विसरलेली, एकाच बाजूने भाजलेली भाकरी असते ना, तसा मी संध्याकाळी होडीतून निघालो. पुढून पांढरा, मागून नकाशात न दाखवता येणाऱ्या रंगाचा. जाकिटाच्या पट्ट्यांच्या जागी मात्र पांढरी फुली उमटली होती. शिवाय मिशीत मलमाला चिकटून वाळू.

"काय काय दिसलं?" मी हिला विचारलं.

"सगळं," ती म्हणाली. "कासव पण."

मला कासव दिसलं नव्हतं.

नैर्ऋत्येकडच्या डोंगरांसाठी आम्ही गाडी ठरवली. चालक तरुण होता, दार उघडून धरत हात जोडून म्हणाला, "नमस्कार. आपले स्वागत असो. मीही मराठी आहे." त्याचे पूर्वज रत्नागिरीकडचे, गाव कुठलं ते घरात आता कुणालाच सांगता येत नाही, पण मराठीपण शाबूत. तिकडे शाळेत मराठी शिकता येते, पुढे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतही आहे; घरी सगळे क्रिओल बोलतात, पण गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते आणि मराठी मंडळी गणपती वाजतगाजत पाण्यात नेतात. एवढं तो अत्यंत शुद्ध, छापील मराठीत बोलला. मग त्याने विचारलं, "आपणास वातानुकूलन हवे आहे काय?" मी म्हणालो, "एसी ऑन ठेवा, पण फ्लो डायरेक्ट पाठीवर नको, स्किन बर्न झालीये." तो अदबीने थांबला आणि त्याने हिच्याकडे पाहिलं. हिने माझं बोलणं त्याला मराठीत सांगितलं.

पहिला थांबा ग्रां बासें, म्हणजे गंगा तलाव. ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं तळं. महाशिवरात्रीला लाखो भाविक बेटाच्या कानाकोपऱ्यातून कावडी घेऊन चालत इथे येतात. वाटेवर शंकराची 33 मीटर उंच मूर्ती. आणि धुकं, आणि वारा, आणि बारीक पाऊस. किनाऱ्यावर लख्ख ऊन असलं तरी मधल्या पठारावर ही तऱ्हा बारमाही असते, असं चालक म्हणाला. चालकाने जाकीट घातलं होतं. हिने शाल घेतली होती. मी नारळाच्या शर्टात होतो आणि खाली अर्धी चड्डी होती, आणि भाजलेली पाठ व गारठलेले गुडघे असं दोन्ही एकाच देहात अनुभवणारा त्या देवळातला मी एकमेव भक्त असेन. हिने न बोलता पिशवीतून राखाडी स्वेटर काढला. लोकर पाठीला टोचत होती. तरी घातला.

तिथे माकडं आहेत, लांब शेपटीची, शेकडो वर्षांपूर्वी जहाजांवरून या बेटावर आलेली. मी वाटेत गाडीवरून गाटो पिमा घेतले होते. हे म्हणजे भरड वाटलेल्या डाळीत पातीचा कांदा, कोथिंबीर आणि मिरची घालून तळलेले छोटे गोल वडे. तिकडे ते सकाळी लोणी लावलेल्या पावात घालून खातात. पावात वडा! आपण मुंबईवरून उगाच एवढा अभिमान बाळगून असतो. मी पिशवीतून एक वडा काढून, आधी फोडून, मिरचीचे तुकडे वेचून कठड्यावर ठेवत होतो, तेवढ्यात एक माकड आलं आणि पिशवीच घेऊन गेलं. मी 'हड्‌' म्हणालो. त्याला क्रिओल येत असावं. समोरच्या भिंतीवर बसून त्याने एकेक वडा मिरचीसकट खाल्ला, मग खाली उतरून मी कठड्यावर वेचून ठेवलेले मिरचीचे तुकडेही खाल्ले. नंतर पाणीसुद्धा प्यायलं नाही.

तिथून शामारेल. सात रंगांची जमीन म्हणतात ती ही: झाडीच्या मधोमध उघड्या, लाटालाटांच्या टेकड्या, गवताची काडी नाही, आणि मातीचे पट्टे लाल, तपकिरी, जांभळे, निळसर, पिवळे. ज्वालामुखीचा बसाल्ट खडक कुजून त्याची माती झाली, विरघळणारं सगळं पावसाने वाहून नेलं आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. लोहाने लालसर छटा येतात, ॲल्युमिनियमने निळ्या-जांभळ्या. गंमत म्हणजे या माती एकत्र कालवल्या तरी हळूहळू पुन्हा वेगळ्या होतात असं सांगतात, आणि दुकानात काचेच्या नळ्यांत थर भरून विकायलाही ठेवतात. आम्ही कुंपणाशी उभं राहून रंग मोजायला लागलो. मला पाचच सापडत होते. ही सहा म्हणत होती. शेजारी एक लहान मुलगा आईला बोटाने रंग दाखवत होता. सात झाल्यावर त्याचं बोट वळून माझ्या मानेवर, शर्टाच्या कॉलरच्या वर, येऊन थांबलं. त्याने आठवा मोजला. त्याच्या आईने घाईघाईने माझी क्षमा मागितली. ही हसायला लागली ती आवारातल्या मोठ्या कासवांपाशी पोचेपर्यंत थांबली नाही. हिला इथेही कासव दिसलं, हे सांगायला नकोच.

ल मॉर्नबद्दल मी थोडक्यात सांगणार आहे आणि त्याची कारणं आहेत. हा तोच कॅलेंडरावरचा एकटा डोंगर, 556 मीटर उंच, थेट समुद्रातून उठलेला. मळ्यांवरून पळालेले गुलाम इथल्या कड्याकपारींत लपून राहत. म्हणून 2008 मध्ये तो जागतिक वारशात गेला. 1835 मध्ये मुक्तीची बातमी सांगायला शिपाई वर आले, ते पकडायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथे सांगतात. वाटाड्याने हे सांगून झाल्यावर मला विचारलं, डोंगर चढायची सवय आहे का? मी म्हणालो, मी सिंहगडवाला आहे, दर रविवारी. हेही खोटं नव्हतं. मी दर रविवारी सिंहगडावर असतो. वाहनतळापासून पिठलं-भाकरीच्या झोपडीपर्यंत चालतो, कधी कधी दह्यासाठी परत मागे येतो.

पहिला टप्पा रुंद कच्चा रस्ता होता, मी सगळ्यांच्या पुढे होतो. मग एक सपाट जागा आली, खाली खाडीचे निळे-हिरवे पट्टे, आणि समोर वाट उभी होऊन तिला दोर लागले. मी दोराकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं, आणि नजारा फारच सुंदर आहे, तो इथे बसून नीट पाहायला हवा असं जाहीर केलं. "बसा," ही म्हणाली, पदर नसल्यामुळे ओढणी कमरेला खोचली, आणि दोर धरून वर निघून गेली. माझी बायको. जी सोसायटीची लिफ्ट बंद असली की पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंकडे थांबून चहा पिते.

मी डब्यातली गुळपोळी काढून बसलो. तासाभराने वरून लोक उतरू लागले. मला तिथे घामाघूम, लालबुंद, खाली बसलेला पाहून त्यांना वाटलं, मी सगळ्यांच्या आधी वर जाऊन आलो. एक जर्मन आजोबा माझ्या पाठीवर शाबासकीची थाप मारून गेले. भाजलेल्या पाठीवर. मी किंचाळलो, तो त्यांना विजयाचा आवाज वाटला. त्यांनी उलट दुप्पट जोरात थोपटलं. मी नम्रपणे अभिनंदन स्वीकारत असताना ही वरून उतरली, आणि मागच्या पाच-सहा जणांना माझी ओळख करून देत म्हणाली, "माझे यजमान. नजारा पाहत होते."

परतीच्या आदल्या दिवशी चालकाने आम्हाला घरी जेवायला नेलं. त्याच्या आईला मराठी तुटक येत होती, पण 'जेवा' हा शब्द तिने असा उच्चारला की त्यापुढे न जेवायची कुणाची छाती नव्हती. भात, मसुरीचं वरण, पाल्याची पातळ भाजी, कढीपत्ता घातलेला माशाचा रस्सा, टोमॅटोची वाटलेली चटणी. बाजूला बरणीत मिरची. माउलीने बरणीकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. पोर्ट लुईहून बेटभर बातमी पसरली असेल की काय, कोण जाणे. माझं उत्तर यायच्या आतच ती हसली, बरणी उचलली आणि हिच्यासमोर ठेवली. माझ्यासमोर दह्याची वाटी आली. मी मागितली नव्हती. वरणभात, दही, आणि कडेला माशाचा तुकडा: त्या साऱ्या सहलीत मी न रडता, न पुसता, न धापा टाकता पूर्ण केलेली ही एकमेव गोष्ट. दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा चालक म्हणाला, "आपणास भोजन आवडलेले दिसते." मी शुद्ध मराठीत उत्तर द्यायचा प्रयत्न केला. घशात घास होता म्हणून बचावलो.

तेव्हा ओळखीपाळखीतलं कुणी मॉरिशसला निघालं आणि माझ्याकडे सल्ला मागायला आलं, तर मी आता ठरावीक उत्तर देतो. डोंगराचं आमच्या हिला विचारा, माशांचंही तिलाच विचारा, कासवांचं तर तिलाच. मला खाण्याचं विचारा. सकाळी पोटात काही न घालता पोर्ट लुईच्या मंडईपाशी जा, डोल पुरीची जोडी घ्या, पिमाचा डबा पुढे आला की आजोळ विसरा, आणि वर एक आलूदा प्या. दुपारपर्यंत थांबू नका. आम्ही शेवटच्या दिवशी परत गेलो तेव्हा एक वाजला होता आणि गाडीवाला रिकामी पातेली धूत होता.